चोर बीटी: बियाणं नेमकं कोणाचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ह्या भागाचा हा लिखित मजकूर. आजचा विषय पेटंटचा आहे. पेटंट म्हटलं की डोळ्यांसमोर मोबाइल कंपन्या, औषधं, अमेरिकेतली कोर्टं येतात. पण आपल्या देशातला पेटंटचा एक मोठा खटला सरकीवरून झाला. ती सरकी यवतमाळ जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पेरली जाते.

सुरुवात एका शब्दापासून करू. "चोर बीटी."

विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मे महिना संपत आला की गावागावात कुजबुज सुरू होते. पैनगंगेच्या पलीकडं तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, अलीकडं पाटणबोरी, पांढरकवडा, वणी हा आपला पट्टा. खरिपाच्या तोंडावर इथून बातम्या येतात की अमुक ठिकाणी अनधिकृत बियाणं पकडलं, इतकी पाकिटं जप्त झाली. कागदोपत्री त्याचं नाव एचटीबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारा बीटी कापूस. त्याला सरकारची परवानगी नाही, पाकिटावर नीट नाव नाही आणि दुकानदार बिल देत नाही. म्हणून लोकांनी त्याला चोर बीटी म्हटलं.

आता प्रश्न असा, की चोरी नेमकी कोणाची झाली? कंपनीची, सरकारची, की पेरणाऱ्याचीच? ह्याचं उत्तर शोधायला दीडशेहून जास्त वर्षं मागं जावं लागतं.

सरकी घरची होती तेव्हा

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. यवतमाळ त्याच वऱ्हाडातलं. दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि इथल्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. पुढं काळ्या मातीत कापूस पसरत गेला, जिनिंग आले, प्रेस आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी छोटी रेल्वे सुरू झाली, तीच आपली शकुंतला. ती किलिक निक्सन ह्या ब्रिटिश कंपनीनं मुख्यतः कापूस वाहून न्यायला उभी केली होती.

शकुंतलेची गोष्ट आजच्या विषयात का? कारण तिच्यात आपल्या मुद्द्याचं बीज आहे. देश स्वतंत्र झाला, बाकीची रेल्वे सरकारी झाली, पण ह्या रुळांची मालकी कंपनीकडंच राहिली. गाडी भारतीय रेल्वेनं करारावर चालवली. माती आपली, माल आपला, चालवणारी माणसं आपली आणि मालकी मात्र करारात. हा नमुना लक्षात ठेवा.

त्या काळात बियाण्याची गोष्ट मात्र साधी होती. गावरान कापसाची चांगली झाडं हेरायची, त्यांचा कापूस वेगळा ठेवायचा, सरकी काढायची आणि पुढच्या मृगात पेरायची. शेजाऱ्याचं बी चांगलं असलं तर पायलीभर मागून आणायचं. जिनिंगमध्ये सगळ्यांची सरकी एकत्र मिसळू लागली तेव्हा वाण भेसळले, ही तक्रार इंग्रजांच्या काळापासून आहे. तरीही "हे बी माझ्या मालकीचं आहे, माझ्या परवानगीशिवाय पेरू नको" असं म्हणणारं कोणी नव्हतं.

पहिलं कुलूप

हे बदललं हायब्रिडमुळं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. अन्नटंचाईच्या त्या काळात त्यांनी हायब्रिड ज्वारीचा जोरदार प्रचार केला. १ जुलैला त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो तो त्यामुळंच. कापसात १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस तयार केला. उत्पादन वाढलं, हे नाकारायचं कारण नाही.

पण हायब्रिडला एक अट असते. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून पहिल्या पिढीचं बी विकतात. ती पिढी जोमदार येते. त्याच पिकाची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली, तर गुण विस्कटतात. एक झाड उंच, एक बुटकं, बोंडं कमी-जास्त. म्हणजे बी पुन्हा पेरायला कायद्यानं बंदी नाही, पण पेरून फायदा नाही. कोर्ट नाही, वकील नाही, निसर्गानंच लावलेलं कुलूप. शेतकरी दर वर्षी दुकानात जाऊ लागला.

दुसरं कुलूप

मग आलं बीटी. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. त्याच्यातलं एक जनुक कापसात घातलं, की झाड स्वतःच असं प्रथिन तयार करतं जे खाऊन बोंडअळी मरते. हे तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचं. भारतात ते आणलं जालन्याच्या महिको कंपनीबरोबर भागीदारी करून. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं परवानगी दिली.

त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातच्या शेतांत नवभारत १५१ नावाच्या वाणात हेच जनुक परवानगीशिवाय सापडलं होतं. सरकार पीक नष्ट करायला निघालं, तेव्हा शरद जोशींची शेतकरी संघटना त्या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभी राहिली. म्हणजे आपल्या देशात अनधिकृत बीटी अधिकृत बीटीच्या आधी आलं!

सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १६०० रुपयांच्या आसपास होती. त्यातला मोठा हिस्सा जनुकाच्या वापराची रॉयल्टी, म्हणजे ट्रेट फी. आता गंमत बघा. पहिल्या पिढीच्या बीटीतल्या, म्हणजे बोलगार्ड-१ मधल्या जनुकाचं पेटंट भारतात नव्हतंच. मग रॉयल्टी कशाच्या जोरावर? कराराच्या. मोन्सँटो-महिकोनं देशातल्या बियाणं कंपन्यांना परवाने दिले, त्या करारात रॉयल्टी लिहिली, कंपन्यांनी ती पाकिटाच्या किमतीत धरली आणि शेतकऱ्यानं भरली. शकुंतला आठवली ना?

तुमच्या फोनमध्ये एखादं अॅप घेताना "आय अॅग्री" वर टिचकी मारता तेव्हा तुम्ही निदान काहीतरी मान्य तरी करता. इथं सही दोन कंपन्यांची होती आणि पैसे तिसऱ्याचे.

२००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं ह्या रॉयल्टीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडं तक्रार केली आणि पाकिटाचा भाव ७५० रुपयांवर आणला. महाराष्ट्रानं २००९ मध्ये कापूस बियाण्याचा स्वतंत्र कायदा केला. २०१६ पासून केंद्र सरकार देशभर एकच भाव ठरवतं. त्या वर्षी बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपयांना आणि त्यात ट्रेट फी ४९ रुपये. ती कमी होत होत २०२० मध्ये शून्य झाली.

कायद्यातली तिसरी व्यक्ती

भाव खाली आले, पण मालकीचा प्रश्न तसाच होता. त्यासाठी दोन कायदे समजून घ्यावे लागतात. कंटाळू नका, दोनच आहेत.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. सदस्य देशांनी वनस्पतींच्या वाणांना संरक्षण द्यायचं, मग ते पेटंटनं द्या किंवा स्वतःचा वेगळा कायदा करून द्या, असं तिच्या करारात होतं. अमेरिका पेटंटच्या वाटेनं गेली. तिथं काय होतं, त्याचं उदाहरण बोमन खटला. इंडियाना राज्यातल्या ह्या शेतकऱ्यानं धान्याच्या कोठारातून साधं सोयाबीन विकत घेतलं, पेरलं, त्याचं बी ठेवलं, पुन्हा पेरलं. त्यात मोन्सँटोचं जनुक होतं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला, की पेटंट असलेलं बी पेरून नवं बी तयार करणं म्हणजे नक्कल करणं. त्याला ८४ हजार डॉलरहून जास्त भरावे लागले.

भारतानं दुसरी वाट धरली. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये (जे) हे उपकलम घातलं: वनस्पती, तिचा कुठलाही भाग आणि बियाणं ह्यांना पेटंट नाही. आणि २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. नाव नीट वाचा. त्यात वाण तयार करणाऱ्या कंपनीला हक्क आहेत, संशोधकाला आहेत आणि शेतकऱ्यालाही आहेत. कलम ३९ सांगतं, की संरक्षित वाणाचं बीसुद्धा शेतकरी ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त कंपनीच्या नावाचं लेबल लावून विकायचं नाही. त्याच कलमात पुढं आहे, की नोंदणी झालेल्या वाणानं सांगितल्याप्रमाणं कामगिरी केली नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. बोमन जर वणीत जन्मला असता, तर त्याच्या हातात निदान हे कलम असतं.

हा कायदा शेतकऱ्याला वाण घडवणारा म्हणूनही ओळखतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ च्या सुमारास त्यांनी धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव तांदळाला मिळालं. लाखो ताटांत तो भात पोचला. दादाजी मात्र २०१८ मध्ये गेले ते गरिबीतच. त्यांनी वाण निवडला तेव्हा हा कायदा नव्हता. आता आहे, आणि आपल्या वाणाची नोंदणी करायला शेतकऱ्याला फीसुद्धा नाही.

दिल्लीतली लढाई

आता मुख्य खटला. बोलगार्ड-२ मध्ये दोन जनुकं आहेत आणि त्यासंबंधीचं पेटंट मोन्सँटोला भारतात २००८ मध्ये मिळालं. क्रमांक २१४४३६. हैदराबादची नुझिवीडू सीड्स ही कंपनी परवाना घेऊन हे बियाणं विकत होती. रॉयल्टीवरून वाजलं, मोन्सँटोनं २०१५ मध्ये करार मोडला आणि पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला.

वाद असा होता. मोन्सँटो म्हणे, जनुकाचा हा क्रम प्रयोगशाळेत घडवलेला आहे, ती वनस्पती नाही. समोरची बाजू म्हणे, ते एकदा कापसात गेलं की झाडाचाच भाग झालं, बियात उतरलं आणि बियाला आपल्याकडं पेटंट नाही. ११ एप्रिल २०१८ रोजी खंडपीठानं दुसरी बाजू मान्य करून पेटंट रद्द केलं. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवला. एवढा तांत्रिक प्रश्न तज्ज्ञांचे पुरावे तपासल्याशिवाय सुटणार नाही, म्हणून खटला पुन्हा खाली पाठवला. तोवर मोन्सँटोला बायरनं विकत घेतलं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पेटंटची मुदत संपली. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवून टाकलं.

म्हणजे जनुक बियात गेल्यावर पेटंट टिकतं की नाही, ह्या मूळ प्रश्नाचं पुराव्यानिशी उत्तर त्या खटल्यातून मिळालंच नाही. आणि कापूस पिकवणारा शेतकरी त्यात ना वादी होता, ना प्रतिवादी.

नागपूरचा प्रयत्न

तुम्ही म्हणाल, कलम ३९ आहे ना, मग बी ठेवा की घरी! इथंच पाणी मुरतंय. भारतात बीटी जनुक कंपन्यांनी मुख्यतः हायब्रिडमध्ये दिलं. कायद्यानं बी ठेवायचा हक्क दिला, पण ठेवण्यासारखं बी हातात उरलं नाही. पहिलं कुलूप दुसऱ्यापेक्षा पक्कं निघालं.

ह्यावर उपाय होता: बीटी जनुक सरळ वाणात घालायचं, म्हणजे सरकी ठेवून पुन्हा पेरता येईल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं नेमकं हेच केलं. बिकानेरी नरमा बीटी ह्या नावानं २००९ मध्ये बी बाजारात आलं आणि त्याच वर्षी परत घ्यावं लागलं. त्यात मोन्सँटोचं जनुक सापडलं होतं. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या समितीनं पुढं चौकशी केली आणि ते जनुक असल्याचं सांगितलं. सरकारी संशोधनाची अब्रू गेली ती गेलीच, पण शेतकऱ्याची वर्षं गेली. नंतर संस्थेनं रजत बीटी, पीकेव्ही ०८१ बीटी असे सरळ वाण आणले. तोपर्यंत देशातलं ९० टक्क्यांहून जास्त कापसाचं क्षेत्र बीटीखाली गेलं होतं आणि दुकानाच्या फळीवर हायब्रिडचीच रांग होती.

२०१७

हे वर्ष यवतमाळ विसरणार नाही. गुलाबी बोंडअळीला बोलगार्ड-२ ची सवय झाली होती. भोवती लावायचं रेफ्युजी बियाणं बऱ्याच ठिकाणी लावलं जात नव्हतं, फरदड घेतल्यामुळं अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळत होतं. त्या हंगामात बोंडं किडली. आणि त्याच पावसाळ्यात, उंच वाढलेल्या कापसात फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यात शेतमजूर होते, अल्पभूधारक होते.

सरकारनं बोंडअळीसाठी कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर केली. त्यातले १६,००० बियाणं कंपन्यांकडून घेणार होते. कंपन्यांनी हात वर केले. जे तंत्र आपलं म्हणून रॉयल्टी घेतली, ते निकामी झाल्यावर जबाबदारी मात्र हवामानावर, अळीवर, शेतकऱ्याच्या पद्धतीवर गेली.

आणि ह्याच सुमारास एचटीबीटी शेतांत पसरलं. ह्या तंत्राच्या परवानगीसाठीचा अर्ज महिकोनं २०१६ मध्ये मागं घेतला होता. तरी बी बाहेर पडलं. शेतकरी का घेतो? निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही आणि पाऊस लागून राहिला की तण कापसाच्या डोक्यावर जातं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं हे बी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य आम्हाला हवं, ही त्यांची मागणी. पर्यावरण कायद्यात तेव्हा ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. विरोध करणारे म्हणतात, तपासणी न झालेलं बी आणि वाढणारं तणनाशक ह्याची किंमत माती आणि मजुराचं शरीर देईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि त्यावर वेगळा भाग होईल.

मग चोरी कोणाची?

पाकीट पकडलं की बातमीत कंपनीचं आणि सरकारचं नाव येतं. पण कायद्याच्या नजरेनं बघा. चोर बीटी घेणाऱ्याकडं बिल नसतं. वाणाचं नाव खरं की खोटं, माहीत नसतं. म्हणजे बी उगवलं नाही तर कलम ३९ ची भरपाई मागायला आधारच उरत नाही. राज्याच्या कापूस बियाणे कायद्याखाली तक्रार करायची, तर कोणाविरुद्ध? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलं, की सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, नमुना मागं ठेवत नाही, हेही न्यायालयानं समजून घेतलं. पण दुकानाचं नाव असलेली पावती तरी लागतेच ना?

हायब्रिडनं शेतकऱ्याकडून ठेवण्यासारखं बी नेलं. चोर बीटीनं उरलेला तक्रारीचा हक्कही नेला. चोरी झाली ती त्याची.

आता तुमचं काम. घरचे पेरणीच्या धावपळीत असतात, फोन तुमच्या हातात असतो. कृषी केंद्रातून बॅग आणली की बिलाचा फोटो काढा, पाकिटावरचं वाणाचं नाव, लॉट नंबर आणि मुदत दिसेल असा दुसरा फोटो काढा, आणि रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत फेकू देऊ नका. २०२५ मध्ये बोलगार्ड-२ च्या पाकिटाचा कमाल भाव ९०१ रुपये होता. छापील भावापेक्षा जास्त मागितलं किंवा बिल द्यायला टाळाटाळ केली, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि एखाद्या वर्षी बांधाकडेच्या चार ओळींत सरळ वाण लावून बघा, त्याची सरकी ठेवा, दुसऱ्या वर्षी पेरा. तो हक्क २००१ पासून तुमच्या नावावर आहे.

भेटू पुढच्या भागात. घरात कापूस पेरणारं कोणी असेल, तर हा भाग त्यांना पाठवू नका, शेजारी बसून ऐकवा.